कॉम्प्युटर अॅम्प्लीला जोडला की स्पीकरमधून घुंऽऽ येतंय? आधी काही विकत घेऊ नका

नवीन स्पीकर आणले, अॅम्प्ली आणला, महिनाभर बसून सगळ्या सीड्या कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता गाणं साठवणाऱ्या फायलींत) भरल्या, वायर लावली आणि गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽऽ. ही तक्रार मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत बघितली, राजारामपुरीत बघितली, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये बघितली, बावड्यात बघितली. सगळीकडं पहिलं वाक्य "मागं घुमायलंय बघा" आणि दुसरं "नवीन डॅक घेऊ काय?" (डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी.) माझं उत्तर दरवेळी एकच, थांबा. दहा घरांतल्या आठ-नऊ घरांत हा त्रास डॅकचा नसतो, अर्थिंगच्या रस्त्याचा असतो, आणि तो शोधायला एक रुपयाही लागत नाही. फक्त क्रमानं बघायला लागतं.

कुणी म्हणेल एवढीशी घुमघुम, गाणं सुरू झालं की कुठं ऐकू येते. सिनेमाच्या गाण्यात नाही येणार. पण आपल्याकडं ख्याल ऐकणारी माणसं खूप आहेत, देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठकांत बसून कान तयार झालेली, त्यांना विचारा. आपली लाइट ५० हर्ट्झची, त्यामुळं घुमघुम ५० ला आणि तिच्या पटीत म्हणजे १००, १५०, २०० ला येते. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, गाणाऱ्याचा मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प, साधारण १०४ हर्ट्झला असतो. तानपुऱ्याची पहिली तार तिथंच लावलेली असते आणि ही घुमघुम १०० ला, म्हणजे पंचमाच्या अगदी शेजारी एक उतरलेला पंचम सतत वाजत राहतो. आलाप सुरू असताना हे सहन होत नाही, आणि का सहन होत नाही ते माणसाला सांगताही येत नाही, फक्त "मजा नाही" एवढंच म्हणतात.

लक्षणं आधी नीट ऐका

घाई करू नका, अॅम्प्ली चालू करून गाणं न लावता पाच मिनिटं नुसतं ऐकत बसा. आवाज कसा आहे ते ओळखलं की अर्धं काम झालं.

जाडसर, एकसारखा घुंऽऽ, आणि अॅम्प्लीचा आवाज वाढवला की तोही वाढतो: हा बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या वायरींचा पूर्ण झालेला गोल. सगळ्यात जास्त घरात हाच.

तसाच घुंऽऽ, पण आवाज पूर्ण शून्यावर नेला तरी तेवढाच: हा अॅम्प्लीच्या पोटातला, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही.

बारीक चिरचिर, किणकिण, माऊस हलवला की बदलते, पान वरखाली केलं की झिरझिर होते, गेम लावला की शिट्टी वाजल्यासारखी होते: कॉम्प्युटरच्या आतला विजेचा कचरा ऑडिओच्या वायरीत शिरतोय.

लॅपटॉपचा चार्जर लावला की आवाज, काढला की गप्प.

पंखा दोनवर केला की घर्रर्र, पाचवर केला की बंद. किंवा लाइट गेली, इन्व्हर्टर लागला की मगच सुरू.

टक्-टक्, कडकड, मध्येच गाणं क्षणभर तुटतं, आणि मधल्या शांततेत घुमघुम अजिबात नाही: हा वेगळाच आजार आहे, सॉफ्टवेअरचा, त्याचं पुढं लिहितो.

आणि शेवटचं, कॅबिनेटला किंवा अॅम्प्लीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. हे लक्षण असेल तर खालचं काही करू नका, थेट शेवटचा "इथं थांबा आणि माणूस बोलवा" हा भाग वाचा.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी केबल काढायची. अॅम्प्लीचा आवाज आधी पूर्ण खाली करा, मग मागची आरसीए पिन (ऑडिओ केबलची लाल-पांढरी गोल पिन) उपसा. आवाज खाली करायला यासाठी सांगतोय की आरसीए पिनेची मधली काडी आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्यामुळं चालू आवाजात पिन काढली घातली की स्पीकरमधून जो भप्पकन दणका येतो त्यात ट्विटर जाऊ शकतो. पिन काढल्यावर हळूहळू आवाज वाढवा. शांत झालं तर अॅम्प्ली आणि स्पीकर निर्दोष आहेत, गडबड केबल किंवा कॉम्प्युटरकडं आहे. तरी घुमतंच असेल तर कॉम्प्युटर सोडा, अॅम्प्ली दुरुस्तीला न्या. इथं एक चूक बरेच जण करतात, केबल अॅम्प्लीला तशीच ठेवून कॉम्प्युटरकडचं टोक काढतात आणि मग जास्तच घुमलं की म्हणतात केबल खराब. मोकळं लोंबणारं टोक अँटेनाचं काम करतं, ते घुमणारच, त्यावरून काही ठरवू नका.

दुसरी, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण याच्याएवढं स्पष्ट उत्तर दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. बॅटरीवर लॅपटॉपचा घरातल्या लाइटशी आणि अर्थिंगशी संबंधच तुटतो, म्हणजे घुमघुम गेली तर लूप चार्जरच्या वाटेनं होता हे पक्कं. काही जण मग तेवढ्यावरच समाधान मानतात, ऐकताना चार्जर काढून ठेवतात, आणि खरं सांगायचं तर दिवसाला तासभर ऐकणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी, आवाजाची पातळी. कॉम्प्युटरचा आवाज तीसवर आणि अॅम्प्लीचा तीनचतुर्थांश, अशी उलटी मांडणी फार ठिकाणी दिसते. केबलमध्ये शिरणारी घुमघुम ठरावीक असते, तुम्ही कॉम्प्युटरमधून गाणं जेवढं बारीक पाठवाल तेवढी अॅम्प्लीला ती गाण्याबरोबर जास्त मोठी करावी लागते. म्हणून आधी अॅम्प्ली खाली, मग विंडोजचा आणि प्लेअरचा आवाज नव्वद-शंभरवर, आणि मग अॅम्प्लीनं हवा तेवढा वाढवा. शंभरवर गाणं चरचरलं तर पंच्याऐंशीवर आणा, काही मदरबोर्डांचा जॅक पूर्ण आवाजाला फाटतो. विंडोजच्या साउंडच्या खिडकीत माइक आणि लाइन-इन म्यूट करा, आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा.

चौथी, सगळं एकाच बोर्डात. हीच माझी सगळ्यात आवडती तपासणी, आणि हिच्यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं समजतं. समजा कॉम्प्युटर टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये आहे आणि अॅम्प्ली समोरच्या भिंतीवर टीव्हीच्या सॉकेटमध्ये. दोन्ही थ्री पिन, दोन्हीची अर्थिंग भिंतीतून वेगवेगळ्या वाटेनं मेन बोर्डापर्यंत जाते. वर ऑडिओ केबलची बाहेरची जाळी या दोघांना जोडते. झालं, एक गोल पूर्ण झाला. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये थोडासा दाबाचा फरक असतोच, फ्रिज, पंप, गीझर सगळ्यांची गळती त्याच वायरीतून जात असते, आणि तो फरक या जाळीतून करंट ढकलतो. जाळी हीच गाण्याच्या सिग्नलचीही परतीची वाट आहे, त्यामुळं त्या करंटनं पडलेला दाब गाण्यात मिसळतो. सीडी प्लेअर किंवा बऱ्याशा डॅकचा पूर्ण आवाज साधारण २ व्होल्टचा असतो. घुमघुम फक्त २ मिलिव्होल्ट असली तरी ती गाण्याच्या ६० डेसिबल खाली बसली. १६ बिटच्या साध्या सीडीत शांतता ९६ डेसिबलपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणजे तुम्ही चोवीस बिटच्या फायली गोळा करताय आणि दोन मिलिव्होल्टनी अर्धी शांतता खाऊन टाकली.

तर एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, अर्थ पिन खरंच जोडलेला, स्वस्तातल्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. त्यात कॉम्प्युटर, मॉनिटर, अॅम्प्ली, सबवूफर सगळं लावा. गोल राहतोच पण अगदी लहान होतो, दोन अर्थिंगमधला फरक जवळजवळ संपतो. घरगुती अॅम्प्ली आणि कॉम्प्युटर मिळून एका सॉकेटला जड नाहीत, फक्त त्याच बोर्डात इस्त्री किंवा हीटर लावू नका.

पाचवी, दुसऱ्या वाटा तोडून बघा, आणि इथं मला मंगळवार पेठेतल्या एका काकांचं घर सांगायचंय. जुना वाडा, माळ्यावर कॅसेटींच्या पेट्या, काकांनी निवृत्तीनंतर त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम काढलं होतं. अॅम्प्ली टू पिनचा, म्हणजे त्याला अर्थिंगच नाही, त्यामुळं लूप होईल कसा हे मला कळेना. एकच बोर्ड करून बघितला, केबल बदलली, तरी घुमतच होतं. काकू चहा ठेवून म्हणाल्या, "आधी नव्हतं हो असं, टीव्ही इकडं आणल्यापासून सुरू झालंय." मग टेबलामागं पालथा पडून टॉर्च मारली. कॉम्प्युटरमधून एचडीएमआय टीव्हीला, टीव्हीतून सेट टॉप बॉक्सला, आणि बॉक्सच्या मागं केबलवाल्याची काळी जाड वायर, जी गच्चीवरून खांबावर आणि तिथून आणखी कुठं कुठं जाते. त्या वायरीची जाळी स्वतःचा वेगळाच दाब घेऊन घरात येते. बोटानं ती स्क्रूची पिन अर्धा आटा सैल केली आणि घुमघुम एकदम थांबली, खोलीत फक्त तानपुरा राहिला. काका काही बोलले नाहीत, डोळे मिटून तसेच बसले. ती कॅसेट त्यांनी परत पहिल्यापासून उतरवून घेतली.

तर टीव्हीची एचडीएमआय काढून बघा, सेट टॉप बॉक्सची वायर काढून बघा, एका वेळी एकच. केबल टीव्ही असेल तर त्या जाड वायरीला बसणारा, जाळीचा संबंध तोडणारा छोटा आयसोलेटर मिळतो. डिश असेल तर जपून, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल घेणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते, साधा आयसोलेटर ती अडवतो आणि चॅनेलच बंद पडतात, मग त्यापेक्षा टीव्ही आणि कॉम्प्युटरमधली एचडीएमआय ऐकताना काढून ठेवणं सोपं. इंटरनेटच्या साध्या लॅन वायरीनं सहसा लूप होत नाही, तिच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतात. पत्र्याच्या पिनांची शील्डेड वायर असेल तर मात्र तीही काढून बघा.

सहावी, पंखे आणि दिवे. इलेक्ट्रॉनिक गोल फिरणारा रेग्युलेटर, ज्यात टप्पे नसतात, तो लाइटच्या लहरीचा तुकडा कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापाकापीची घर्रर्र अॅम्प्लीत येते. टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावला की जाते, दोन-तीनशे रुपयांचं काम, वायरमनकडून बसवून घ्या. इन्व्हर्टरचंही तसंच, आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जायची वेळ ठरलेली नाही आणि जुने इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात, तिच्यात पटीतल्या लहरी भरपूर, अॅम्प्लीचा ट्रान्सफॉर्मरच घुमायला लागतो. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर येईपर्यंत लाइट गेल्यावर ऐकू नका एवढंच सांगेन.

कडकड आणि तुटणं

हा आजार वेगळा म्हणालो तो असा. कॉम्प्युटर गाणं थोडं थोडं करून बफरमध्ये भरतो, आणि मध्येच दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला तर बफर रिकामा होतो, टक् होतं. यात केबल, अर्थिंग, डॅक कुणाचाच दोष नाही. प्लेअरमध्ये बफर वाढवा, लॅपटॉप पॉवर सेव्हरवर असेल तर काढा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, डॅक हबमधून काढून थेट मागच्या पोर्टला लावा. तरी तुटत असेल तर लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी सांगतं. मी बघितलेल्यात वायफायचा ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळा निघाला, तो अपडेट केला किंवा ऐकताना वायफाय बंद ठेवलं की साफ.

जाताजाता, विंडोज सगळा आवाज एकाच सॅम्पल रेटला बदलून बाहेर सोडतं. सीड्या ऐकणार असाल तर साउंडच्या अॅडव्हान्स्ड पानात ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा नाहीतर प्लेअरमध्ये वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड लावा, त्यात विंडोज मध्ये पडत नाही. यानं घुमघुम जाणार नाही, पण मधली एक अनावश्यक घडामोड टळते.

शंभर-पाचशे रुपयांच्या तपासण्या

पुढचा जॅक वापरत असाल तर आज सोडा. कॅबिनेटच्या तोंडावरचा जॅक आतून एका बारीक वायरीनं मदरबोर्डाला जोडलेला असतो, ती वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि जाताना सगळी चिरचिर गोळा करते. मागचा हिरवा जॅक वापरा. किती जणांचा त्रास इथंच संपलाय.

मग केबल. लांब केबल गुंडाळून चार्जरच्या ठोकळ्यावर टाकलेली असते, ती तिथून उचला, लागेल तेवढ्याच लांबीची घ्या, लाइटच्या वायरींबरोबर समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा. पिनेजवळ हलवून बघा, घुमघुम येजा करत असेल तर आतली जाळी डागातून सुटली आहे. दीडशे-दोनशेची धड केबल पुरते, हजारो रुपयांच्या केबलनं लूप तुटत नाही हे मी घेऊन बघितलेल्या लोकांच्या घरी जाऊन बघितलंय. आणि आपल्या हवेत एक गोष्ट विसरू नका, जून ते सप्टेंबर इथं भिंती घाम गाळतात, आरसीएच्या कड्यांवर हिरवट थर धरतो. पिना काढून चार-पाच वेळा गोल फिरवून घाला, थर जास्त असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, सगळं बंद करून आणि पूर्ण वाळू देऊन. खोबरेल, गन ऑइल असलं काही लावू नका.

यूएसबी डॅक आता सगळ्यांना परवडतो, पण त्याच्याकडून काय होतं आणि काय होत नाही ते सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटातली चिरचिर तो बरीच कमी करतो, कारण गाण्याचं विजेत रूपांतर त्या गोंधळाच्या बाहेर होतं. पण यूएसबीच्या वायरीत जमिनीची तार असते, डॅकची वीजही कॉम्प्युटरकडूनच येते, त्यामुळं ग्राउंड लूप तसाच्या तसा राहतो. राजारामपुरीतल्या एका मुलानं पहिल्या पगारात आठ हजारांचा डॅक घेतला आणि घुमघुम होती तेवढीच, इतका नाराज झाला की विकायला काढला होता. डॅक चांगलाच होता. एक बोर्ड केला आणि विषय संपला.

एवढं करूनही राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर, तीन-चारशे रुपयांची छोटी डबी, केबलच्या मध्ये बसते. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकातून पलीकडं जातो आणि जाळीचा थेट संबंध तुटतो. निदानासाठी ही उत्तम वस्तू आहे, लावली आणि शांत झालं तर लूपच होता. कायमची ठेवायची का हे कानानं ठरवा, स्वस्तातला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर पेलत नाही, भरल्या आवाजात डग्गा लावून ऐका, त्याची घुमक बसकी झाली किंवा फाटली तर ठेवू नका.

पक्का उपाय: ऑप्टिकल

माझ्या मते घरातल्या ऐकण्यासाठी याच्यासारखा उपाय नाही. मदरबोर्डाच्या मागं चौकोनी छोटं झाकण असलेलं भोक असेल, चालू असताना आत लाल उजेड दिसेल, तो टॉसलिंक. तोशिबानं १९८३ साली काढला, तेव्हापासून आहे तसा चालतोय. गाणं प्रकाशातून जातं, वायरच नाही, मग लूप कशाचा होणार. दोन चॅनेलचा २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज यातून आरामात जातो आणि घरात त्याच्यापलीकडं लागतही नाही. अॅम्प्लीला ऑप्टिकल नसेल तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला ऑप्टिकल डॅक मध्ये घ्या, त्याची वीज कॉम्प्युटरच्या यूएसबीतून घेतलीत तर सगळं मुसळ केरात. केबल टाचून वाकवू नका, आतली काडी प्लास्टिकची असते. आणि नवीन केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात त्या काढा, आवाजच येत नाही म्हणून मला ताराबाई पार्कात बोलावलं तेव्हा एक टोपी तशीच होती.

मदरबोर्डाला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर. घेताना एकच बघा, स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटच्या फुल स्पीडवरच चालतात. त्यावर ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे साधे डॅक चालतात, पण मोठे हाय स्पीडवाले डॅक ओळखलेच जात नाहीत किंवा खालच्या दर्जावर येतात. परत करता येईल अशा ठिकाणीच घ्या. स्टुडिओचे पॉवर्ड स्पीकर असतील तर बॅलन्स्ड आउटपुटचा डॅक घ्या, त्यात परतीची वाट जाळीतून जात नाही.

हे कधीच करू नका

अर्थची पिन कापू नका, तिच्यावर चिकटपट्टी लावू नका, थ्री पिनला टू पिन करणारा ठोकळा लावू नका. मला माहीत आहे, हा उपाय लगेच लागू पडतो, घुमघुम जाते, आणि म्हणूनच तो इतका पसरलाय, दुकानातली माणसंसुद्धा सांगतात. पण कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटकडं दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते. अर्थिंग काढली की कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगायला लागतं. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. तो दाब मग ऑडिओ केबलमधून अॅम्प्लीच्या पत्र्यावरही येतो. आणि ज्या दिवशी एसएमपीएसच्या आतलं इन्सुलेशन जाईल त्या दिवशी पूर्ण २३० पत्र्यावर येतील, फ्यूज उडणार नाही कारण जायला वाट नाही, आणि ओल्या पायानं हात लावणारा माणूस ती वाट होईल. बावड्यात एका घरी मी अशी कापलेली पिन बघितली, शेजारी पाच-सहा वर्षांची पोरगी कॅबिनेटला टेकून चित्र काढत बसली होती. गाण्यापायी हे करायचं नाही.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

पत्र्याला टेस्टर लावल्यावर तो पेटतो, किंवा झिणझिण्या येतात, तर सगळं बंद करा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. लॅपटॉपच्या टू पिन चार्जरनं हलक्या झिणझिण्या येतात ती गोष्ट वेगळी, पण थ्री पिनच्या यंत्राला येत असतील तर सॉकेटपर्यंत अर्थिंग पोचलेली नाही. जुन्या पेठांतल्या वाड्यांत हे हमखास, सॉकेट थ्री पिनचं दिसतं आणि मागं वायरी दोनच. काही जण अशा वेळी न्यूट्रलवरून अर्थला उडी मारून देतात, ते मुळीच करू देऊ नका, न्यूट्रल तुटली की सगळ्या पत्र्यांवर फेज येते.

घुमघुम एप्रिल-मेमध्ये वाढते आणि पाऊस लागला की कमी होते, असं असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय. कोरड्या मातीचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणं तुम्ही करू शकता, बाकी मोजमाप आणि नवीन प्लेट वायरमनचं काम. बोलावलाच आहे तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइट तोडणारा स्विच, आहे का तेही बघायला सांगा. सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालून स्वतः मोजायला जाऊ नका, मी शिकलेला असूनही दुसऱ्याच्या घरात ते करत नाही.

अॅम्प्ली कुठलीही केबल नसताना घुमतोय, किंवा दोन्ही स्पीकरमधून आवाज शून्यावर असताना घुंऽऽ येतोय, तर आतले फिल्टर कपॅसिटर दमले आहेत, पंधरा-वीस वर्षांच्या अॅम्प्लीत होतंच. दुरुस्त होतं, खर्चही फार नाही, पण झाकण तुम्ही उघडू नका, मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही बराच वेळ भरलेले राहतात. जळका वास, सबवूफरमधून धबधब, स्पीकरचा कोन बाहेर ढकलला गेलेला दिसणं, यातलं काहीही असेल तर त्या क्षणी प्लग काढा.

दुरुस्तीवाल्याला किंवा वायरमनला नुसतं "घुमतंय" सांगू नका, तो सगळं पहिल्यापासून करत बसेल. एका कागदावर लिहून द्या: आवाज कमीजास्त केला की घुमघुम बदलते का, केबल काढल्यावर राहते का, लॅपटॉप बॅटरीवर गप्प होतो का, एकाच बोर्डात लावून बघितलं का, टीव्हीची वायर काढून बघितली का, कुठला पंखा किंवा पंप चालू असताना येते, आणि पत्र्याला टेस्टर लागतो का. एवढी सात उत्तरं हातात असली की चांगला माणूस अर्ध्या तासात जागेवर येतो.